हे पाणी नाही

पेडणेकर काकांना मी कधी सरळ पाणी पिताना पाहिलं नाही. पेला हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचा, मग दुसऱ्या हाताने पेल्यावरची हवा नाकाकडे ओढून घ्यायची आणि मगच घोट. फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत मी नवी राहायला आले, तेव्हा समोरच्या दारातले शेजारी म्हणून ते चौकशीला आले होते. माझ्या हातचं पाणी हुंगणारा हा म्हातारा पाहून माझं डोकंच फिरलं. "काका, विष नाही घातलेलं," मी म्हणाले. त्यात टोमणा आहे हे त्यांना कळलंच नाही. अगदी गंभीरपणे म्हणाले, "तू नाही गं घालणार. पण जगात बिनरंगाच्या गोष्टी फार आहेत."

काका जाऊन आता दोन दिवाळ्या होतील. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला अजूनही आधी स्वतःचीच लाज वाटते. ती का, ते पुढे येईलच.

मुंबईतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं परिचर म्हणून काढली होती. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, कपाटात लावायच्या आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी डकवायची, हे त्यांचं काम. "प्रोफेसर शिकवायचे आणि मी वाचवायचो," असं ते सांगायचे. त्यात बढाई नसायची, ती त्यांच्या कामाची विभागणीच होती. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण चिठ्ठी सुटली नाही. माईंच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर', खाली भरल्याची तारीख, सगळं तिरक्या, ठसठशीत अक्षरात. हिंगाच्या डबीवरसुद्धा 'हिंग'. मी एकदा म्हटलं, "काका, हिंगाला कशाला चिठ्ठी? तो काय स्वतःची ओळख लपवतो?" तर म्हणाले, "तुला सर्दी झाली की विचार."

'नाव नाही त्याला हात नाही' हे त्यांचं वाक्य आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं. मुलं त्यांना चिठ्ठीकाका म्हणत. माई म्हणायच्या, "माका चिठ्ठी लावूक नाय हां अजून, तितकांच ऱ्हवलाहा." माई, म्हणजे त्यांची बायको, मालवणकडच्या. काका माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचे आणि माईंवर चिडले की मालवणीत उतरायचे.

आता आमच्या इमारतीच्या पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टँकर तीन दिवसांनी यायचा, कधी चार. म्हणून तळमजल्यावरच्या आम्हा सगळ्यांच्या दारांसमोर, पॅसेजमध्ये, निळे ड्रम होते. माणसाच्या कमरेएवढे, रुंद तोंडाचे, वर काळं झाकण आणि झाकण आवळायला लोखंडी कडं. भंगारवाल्याकडून आणायचे, धुवायचे, भरायचे. आमच्याकडे सोनं चोरीला गेलं तर माणसं पोलिसांकडे जातील, पण पाणी चोरीला गेलं तर थेट समोरच्या दारावर लाथ बसायची. मीसुद्धा एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईशी दोन बादल्यांवरून असं भांडले आहे की आठवलं तर कान गरम होतात.

काकांचा मुलगा संदीप. चाळिशीला टेकलेला, सरळ, थोडा उतावळा. त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि वर्षभर तो नुसता अर्ज करत बसला. मग कोणीतरी त्याला धंदा सुचवला. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची भांडी गरम ठेवायला खाली जे छोटे बर्नर जळतात, त्यातलं इंधन केटरर लोकांना पोचवायचं. स्पिरिटच ते, इथेनॉलचं. औद्योगिक वसाहतीतला एक व्यापारी सुटं द्यायचा. आपला ड्रम न्यायचा, तो भरून देणार. संदीपने भंगारातून निळा ड्रम घेतला, दोनशे लिटर भरून आणला आणि दुपारी मागच्या खोलीत उतरवला. हातपंपाने लहान कॅन भरायचे आणि स्कूटरवरून वसई ते विरार वाटत फिरायचं.

काका बाजारातून आले. दारातच थांबले. नाक वर केलं. मग पिशवी खाली ठेवून, चप्पल न काढता मागच्या खोलीत गेले. मी माझ्या दारात उभी होते. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि संदीपला म्हणाले, "ह्यां आता घर न्हय. ह्यां गोदाम."

"बाबा, एक सीझन. फक्त एक सीझन काढू दे," संदीप म्हणाला.

"लिटर-दोन लिटर घरात ठेवता येतं. दोनशे लिटर घरात ठेवायचं नसतं, संदीप. त्याला परवाना लागतो, गाळा लागतो, वेगळी भिंत लागते."

"गाळा असता तर घरी कशाला आणलं असतं?"

मुलाला दुसरं काम नव्हतं आणि घरात दुसरी जागा नव्हती. तिसरी गोष्ट फक्त काकांनाच माहीत होती: हे आज ना उद्या कोणाला तरी जाळणार. त्यांचं उरलेलं वर्ष ते लांबवण्यात गेलं.

पहिल्या आठवड्यात देव गेले. म्हणजे असं, की माई चाळीस वर्षं देवापुढे सकाळ-संध्याकाळ निरांजन लावायच्या आणि काका म्हणाले, ज्या छताखाली स्पिरिट आहे तिथे दिवा लागणार नाही. माई रडल्या, भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. मग काका माझ्या दारात आले. माझे मिस्टर बोटीवर नोकरीला, घरात मी एकटी. "वंदना, आमचे देव ठेवशील का?" एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. भाड्याची खोली मागायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तेव्हापासून पेडणेकरांचा देव्हारा माझ्या स्वयंपाकघरात आला. माझ्या घराची एक किल्ली माईंकडे. मी कामावर असले तरी त्या येऊन दिवा लावून जायच्या.

मग फ्रिज मागच्या खोलीच्या भिंतीपासून दूर, पुढच्या दाराशी आला, कारण तो चालू-बंद होताना आत ठिणगी पडते म्हणे. मागच्या खोलीतला बल्ब काढला, बटणावर चिकटपट्टी मारली. फोन तिकडे न्यायचा नाही. माईंनी नायलॉनची साडी नेसायची नाही, तीही ठिणगी उडवते. डासांची कॉइल नाही, उदबत्ती नाही. दारं-खिडक्या बारा महिने सताड उघड्या. "वाफ हवेपेक्षा जड असते," काका मला समजावत, "ती वर जात नाही. मांजरासारखी खाटेखाली जाऊन बसते. आपल्याला वाटतं, वास गेला. ती तिथेच असते." दिवसातून चार वेळा ते जमिनीवर ओणवे होऊन खाटेखाली पुठ्ठ्याने वारा घालायचे. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. माई बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

शेवटी गॅसही गेला. सिलिंडर परत दिला आणि माझ्या ओट्यावर दोन घरांचा स्वयंपाक सुरू झाला. त्या दिवशी माई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "देव गेले, चूल गेली. आता माका पण खंयतरी नेऊन ठेवा." दुपारी काकांनी मला पॅसेजमध्ये गाठलं आणि म्हणाले, "तुला वाटत असेल मी हे सुरक्षित करतोय. नाही गं. हे सुरक्षित होत नाही. मी फक्त उशीर करतोय."

एकदा भर दुपारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. स्टीलच्या ताटलीत चमचाभर स्पिरिट, बाजूला पाण्याची बादली. काडी लावली, मला दोन पावलं मागे उभं केलं आणि विचारलं, "पेटलंय?" उन्हात काही दिसत नव्हतं. ना ज्योत, ना धूर. "विझलं," मी म्हणाले. त्यांनी चिमट्यात धरलेलं पिंपळाचं वाळकं पान ताटलीवर नेलं. पान कडेने तपकिरी झालं, वळलं आणि बघता बघता नाहीसं झालं. "जेवण वाढणारी पोरं इथेच फसतात," ते म्हणाले. "बर्नर विझला समजून वरून कॅन ओततात. आग धारेवरून चढते ती थेट हातातल्या कॅनमध्ये."

त्यानंतर उमेळ्याला एका ओळखीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. दुपारचं जेवण, ओळीने मांडलेली भांडी, खाली बर्नर. बघते तर काका सफारी घालून, हातात कागदी रुमालाची सुरळी घेऊन प्रत्येक बर्नरवर ती धरून बघतायत. वरमाय हादरली. केटररचा माणूस धावत आला, "ओ अंकल, क्या कर रहे हो?" काकांनी त्याला भर मांडवात दहा मिनिटं शिकवलं. गार होऊ दे, झाकण ठेवून विझव, मग भर. कॅन टेबलाखाली ठेवू नकोस, बाहेर ठेव. तो मान डोलवत होता आणि आमच्याकडे बघून डोळा मारत होता. मीही हसले. संदीप मात्र ताट तसंच ठेवून बाहेर निघून गेला. ते स्पिरिट त्यानेच पोचवलेलं होतं.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. काका दर महिन्याला एक अर्ज लिहायचे. अग्निशमन दलाला. 'आमच्या इमारतीत तळमजल्यावर ज्वालाग्राही इंधनाचा साठा आहे, तो त्वरित हलवण्यात यावा.' खाली सही. एकदा त्यांनी तो मला शुद्धलेखन बघायला दिला. 'माझ्या मुलाने' हे दोन शब्द लिहून खोडलेले होते, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेले. मी वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला. "पाठवणार?" विचारलं. ते म्हणाले, "पाठवला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. नाही पाठवला तर…" अर्ज खिशात गेला. त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे त्या घडीच्या कागदाने फुगलेले असायचे. तो अर्ज मी पाठवू शकले असते. बिननावी पाठवू शकले असते. माझ्या समोरच्याच घरात तो ड्रम होता आणि मी तरीही पाठवला नाही, कारण माई माझ्या ओट्यावर पोळ्या लाटत होत्या.

आता चिठ्ठीचं.

काकांनी ड्रमवर चिठ्ठी लावली होती, हे सांगायला नकोच. पण 'स्पिरिट' लिहून कोणाला काय कळणार, म्हणून त्यांनी खूप विचार करून, वीतभर अक्षरात, तांबड्या शाईने लिहिलं: 'हे पाणी नाही'. वर पारदर्शक चिकटपट्टीचे तीन थर, पुसलं जाऊ नये म्हणून. संदीपचा ड्रम संपला की तो नवा ड्रम घ्यायचा, कारण व्यापाऱ्याकडे भरायला नेलेला ड्रम कधी फुटका निघे, कधी झाकण सैल होई. रिकामे झालेले ड्रम इमारतीत लोक भांडून घ्यायचे. फुकटचा ड्रम कोण सोडणार? काका तो तीनदा धुऊन, दोन दिवस उन्हात पालथा घालून मगच द्यायचे आणि देताना हात जोडायचे, "चिठ्ठी खरवडून टाका हं."

कोणी खरवडली नाही. आधी आळसाने. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की 'हे पाणी नाही' असं लिहिलेल्या ड्रममधलं पाणी चोरीला जात नाही. बाहेरचा माणूस वाचतो आणि हात मागे घेतो. झालं! मग ज्यांना तसा ड्रम मिळाला नव्हता, ते काकांकडे नुसती चिठ्ठी मागायला येऊ लागले. काका हादरले. एकेकाला समजावत फिरले, "अहो, जे नाही ते लिहायचं नसतं. उद्या खरं लिहिलेलं कोण वाचेल?" सुरी घेऊन स्वतः खरवडायला बसले, तर लोकांनी हाताला धरून उठवलं. माझ्या दारातल्या ड्रमवरही ती चिठ्ठी होती. मीही काढली नाही. दोन बादल्या वाचत होत्या ना.

शेवटच्या त्या ऑक्टोबरात काकांनी जागेसाठी जिवाचं रान केलं. दिवाळी आली होती. प्रत्येक दारात पणत्या, पॅसेजमध्ये फुलबाज्या, आणि घरात तो ड्रम. मागच्या दिवाळीत ते चारही दिवस दारात स्टूल टाकून बसले होते, पण तेव्हा ड्रम जेमतेम पाव भरलेला होता. या वर्षी लग्नं लवकर होती आणि संदीप पुढच्या ऑर्डरी घेऊन बसला होता. "दिवाळीआधी हलायला हवा," काका दिवसातून दहादा म्हणायचे, भिंतीशी बोलल्यासारखे. चांदीपला त्यांच्या कॉलेजातला एक जुना शिपाई होता, गोविंदभाऊ. त्याची भातशेती. एका रविवारी काका मला बरोबर घेऊन गेले. "तू बोलायला बरी आहेस," म्हणाले. मी बोलले, पण गोविंदभाऊने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मास्तर, पानी असता तं कवापन आना सांगितला असता," तो म्हणाला. काकांना तो मास्तरच म्हणायचा. "ही तं आग हाय. माझा भात कापून पडलाय, पेंडा पडलाय. कोन नाय म्हनतो? दिवाली झाल्याव या, झोडनी होऊ द्या, तो कोपरा तुमचा."

"दिवाळीआधी नाही जमणार? मी पाया पडतो."

"मास्तर, काय करता! पाया कसल्या पडता?"

काका खरंच वाकले होते. गोविंदभाऊने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. परत येताना रिक्षात काका म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो."

धनत्रयोदशीची सकाळ. फराळाचं करायला मी रजा घेतली होती. संदीपने घरातल्या ड्रमातलं उरलेलं स्पिरिट कॅनमध्ये भरलं आणि ते पोचवायला तो बोईसरला गेला. जाण्याआधी नवा भरलेला ड्रम टेम्पोतून आला. तो एकट्याने आत सरकेना, म्हणून 'दुपारी आल्यावर घेतो' म्हणत त्याने तो पॅसेजमध्येच ठेवला. वडिलांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक त्यावर नीट चिकटवलीही. काका गोविंदभाऊला पुन्हा एकदा विनवायला पहाटेच चांदीपला गेले होते.

टँकर चार दिवस आला नव्हता. माझ्या दारातला ड्रम तळाला गेला होता. मी देव्हाऱ्याभोवती कागदी झिरमिळ्यांची माळ लावली होती, दिवाळी म्हणून. माईंनी नेहमीप्रमाणे निरांजन लावलं आणि त्या वाती वळायला बसल्या. मी चकल्या तळत होते. पंख्याच्या वाऱ्याने एक झिरमिळी आत वळली.

कागद केवढा तो, पण भपकन पेटला. माळ पेटली, मग बाजूचा पडदा. मी गॅस बंद केला. नळ कोरडा. बादली उचलून पॅसेजमध्ये धावले. चार निळे ड्रम, चारींवर 'हे पाणी नाही'. माझा रिकामा, हे मला माहीत होतं. हाताला आला तो भरलेला लागला. कडं उघडलं, झाकण फेकलं, बादली बुडवली. वास? वर्षभर आमचा पॅसेज त्याच वासाचा होता. आमच्या नाकांना तो आता येतच नव्हता.

बादली घेऊन मी वळले, तेव्हा काका फाटकातून आत येत होते. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते ओरडले नाहीत. गुडघे गेलेला तो माणूस धावला. माझ्या दाराच्या दोन पावलं अलीकडे त्यांनी बादलीला मिठी मारली, पोटाशी धरली. अर्धीअधिक त्यांच्या अंगावर सांडली. शर्ट, पँट, चपला, सगळं चिंब. मला वाटलं, म्हातारा वेडा झाला. "काका, आग लागलीय! सोडा!" मी किंचाळले. ते माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, हळू, एकेक शब्द म्हणाले, "वंदना. हे पाणी नाही."

मग मला वास आला.

"मागे हो. माझ्याजवळ येऊ नकोस," ते म्हणाले. त्यांच्यापासून आठ-दहा पावलांवर माझा पडदा जळत होता. आत माईंनी काय केलं ते नंतर कळलं. त्यांनी पलंगावरची जाड गोधडी ओढली आणि देव्हाऱ्यासकट सगळ्यावर टाकून तिच्यावर स्वतः पडल्या. आग विझली. देव खाली आले, माईंचा हात पोळला. बाकी काही नाही.

काकांनी ड्रमवर झाकण बसवलं, कडं आवळलं आणि भिंतीला न टेकता, अंगापासून हात लांब धरून, चालत चालत बाहेर रस्त्यावर गेले. उन्हात मधोमध उभे राहिले. कपडे वाळेपर्यंत तिथून हलणार नव्हते. पानवाल्याला लांबूनच खुणा करून विडी विझवायला लावली. जाणारे-येणारे नाक मुरडत होते. एक जण हसून म्हणाला, "काय काका, सणाची सुरुवात सकाळीच?" आयुष्यात थेंब न घेतलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मी फाटकाशी रडत होते. मला इकडेही जाता येत नव्हतं आणि तिकडेही.

अंग वाळल्यावर ते आत आले, कपडे बदलले आणि माझ्या फोनवरून गोविंदभाऊला फोन लावायला सांगितला. झालेलं सगळं मीच सांगितलं. गोविंदभाऊ म्हणाला, "मास्तरांना सांगा, आना. आजच आना. पेंडा मी हलवतो." संदीपला फोन केला. तो बोईसरहून टेम्पो घेऊन निघणार, पण सणाची गर्दी, चार तरी वाजतील.

"चारपर्यंत तो इथे राहणार नाही," काका म्हणाले.

समोरच्या टाइल्सच्या दुकानातल्या दोन हमालांनी ढकलगाडीवरून ड्रम इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात नेला. तिथे ना झाड, ना भिंत. काकांनी ड्रमवर ओली गोणपाटं टाकली. माईंच्या रांगोळीच्या डब्यातून पांढरी मूठ घेऊन ड्रमभोवती वीस पावलांवर गोल रेघ ओढली. प्लॅस्टिकची खुर्ची रेघेच्या कडेला मांडली. मग घरातून छत्री आणली, ती उघडून काठीला बांधली आणि काठी ड्रमच्या कड्यात अडकवली. ड्रम तापला तर आतली वाफ फुगते, झाकण सैल आहे, असं म्हणाले.

बारा वाजता मी डबा आणि तांब्या घेऊन गेले. ऊन असं की मैदानावरची हवा हलताना दिसत होती. काका उघड्या डोक्याने बसले होते. चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. मी म्हटलं, "काका, मी बसते. तुम्ही सावलीत जा." त्यांनी रेघेबाहेरच थांबायची खूण केली.

"तू नको. तुला घाबरल्यावर सुचत नाही." मग त्यांनाच ते लागलं असावं. "चूक तुझी नाही, पोरी. ती चिठ्ठी मीच लिहिली होती."

"काका…"

"आता चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून माणूस बसवलाय." ते हसले. "जा, माईचा हात बघ. बरनॉल नको लावू, नुसतं गार पाणी."

मला तेव्हा भांडायला हवं होतं. ओढून न्यायला हवं होतं, चार माणसं बोलवायला हवी होती. सकाळच्या त्या बादलीनंतर त्यांना उलट बोलायचं माझ्यात बळच उरलं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि आले. अडीच-तीन वाजता माईंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते उठून छत्री फिरवत होते. ऊन पश्चिमेला कललं होतं आणि ड्रमच्या एका बाजूवर पडायला लागलं होतं. छत्रीची सावली पुन्हा ड्रमवर नीट आणून ते खुर्चीत बसले. माई म्हणाल्या, "बसलेत. बरे आसत."

टेम्पो सव्वाचारला आला. संदीप उडी मारून उतरला आणि धावत मैदानात गेला, मी मागोमाग. काका खुर्चीत मान एका खांद्यावर टाकून बसले होते, डोळे मिटलेले. डुलकी लागली असेल असं वाटावं तसे. "बाबा, आलो," संदीप म्हणाला. रांगोळीची रेघ ओलांडून तो आधी ड्रमकडे गेला. गोणपाटाखाली हात घातला. ड्रम गार होता. मग त्याने वडिलांच्या कपाळाला हात लावला. ते उन्हाने तापलेलं होतं, पण काका त्या हाताने उठले नाहीत.